अदोनिराम जडसन आणि उत्तर न मिळालेल्या प्रार्थना

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका बहिणीचे लेकरू तापाने आजारी पडले. मंडळीतील बंधुभगिनी सात रात्री तिच्या घरी जमल्या. भजने झाली, उपास झाले, गुडघे टेकून अश्रूंनी विनवण्या झाल्या. आठव्या दिवशी पहाटे लेकरू गेले. मूठमाती देऊन परतताना एका वडीलधाऱ्या बंधूंनी त्या मातेस सांगितले की, घरातील कोणाचा तरी विश्वास उणा पडला असावा. ती काही बोलली नाही. मात्र पुढे कित्येक महिने ती उपासनेस आली नाही. आम्ही पाळक असून त्या वेळी तेथेच उभे होतो आणि त्या बंधूंस आम्ही आवरले नाही. हा दोष आम्ही आमच्याकडे घेतो.

प्रभूजवळ मागितले आणि मिळाले नाही, असा अनुभव ज्यास आला नाही असा ख्रिस्ती मनुष्य विरळा. पाऊस मागितला, पीक वाळून गेले. मुलाने दारू सोडावी म्हणून वीस वर्षे मागणे केले, मुलगा तसाच राहिला. अशा वेळी सांत्वनाला आलेल्याने काय सांगावे? हा प्रश्न मनात धरून आज आम्ही ब्रह्मदेशचे मिशनरी अदोनिराम जडसन यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांस मोठा यशस्वी पुरुष म्हणून जग ओळखते. परंतु त्यांनी जे मागितले आणि त्यांस जे मिळाले त्यांचा मेळ घालून पाहिला, तर हे चरित्र वेगळेच दिसू लागते.

जडसन यांचा जन्म 9 ऑगस्ट 1788 रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात मालडेन या गावी झाला. वडील पाळक होते. मुलगा बुद्धीने फार तीव्र. विद्यालयात पहिला क्रमांक मिळवून तो 1807 साली बाहेर पडला. पण जेकब ईम्स नावाच्या हुशार मित्राच्या संगतीने त्याने आईबापांचा धर्म मनातून टाकून दिला होता. आई रडून प्रार्थना करी. वडील वाद घालीत. मुलगा घर सोडून फिरावयास निघाला. प्रवासात एका रात्री तो एका खाणावळीत उतरला. शेजारच्या खोलीत कोणी तरुण मरणाच्या वेदनांनी कण्हत होता. सकाळी चौकशी करता कळले की, तो मनुष्य रात्रीच मरण पावला आणि तो दुसरा कोणी नसून जेकब ईम्सच होता. या धक्क्याने जडसन घरी परतले, अँडोव्हर येथील धर्मशाळेत शिकू लागले, आणि तेथे त्यांनी आपले जीवित प्रभूस वाहिले.

6 फेब्रुवारी 1812 रोजी सेलम या बंदराच्या गावी पाच तरुणांस मिशनरी सेवेची दीक्षा देण्यात आली. त्यांत जडसन होते, आणि गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हेही होते. हॉल आणि नॉट हे 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईस येऊन पोहोचले व त्यांच्यापासून आपल्या महाराष्ट्रातील अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला. म्हणजे ज्या हातांनी जडसन यांच्या मस्तकास स्पर्श केला, त्याच हातांनी आपल्या मराठी मंडळ्यांच्या पहिल्या सेवकांसही पाठविले. या नात्याने जडसन आम्हांस परके नाहीत.

दीक्षेच्या आदल्या दिवशीच जडसन यांचा ॲन हॅझेलटाइन या तरुणीशी विवाह झाला होता. निघण्यापूर्वी आणखी एक गोष्ट घडली, ती वाचकांनी लक्षात ठेवावी. त्यांचा धाकटा भाऊ एल्नाथन त्यांस काही वाट पोहोचवावयास आला होता. तो अद्याप विश्वासात आलेला नव्हता. दोघे भाऊ रस्त्यातच घोड्यांवरून उतरले आणि थोरल्याने धाकट्यासाठी कळकळीने प्रार्थना केली. मग ते वेगळे झाले. पुन्हा त्यांची भेट या जगात झाली नाही.

जहाज जून महिन्यात कलकत्त्यास लागले. प्रवासात बाप्तिस्म्याविषयी त्यांचे मत पालटल्यामुळे ज्या मंडळाने पाठविले होते त्याच्याशी संबंध सोडावा लागला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारास मिशनरी नको होते. त्यांना देश सोडून जाण्याचा हुकूम झाला. इकडून तिकडे भटकत अखेरीस 13 जुलै 1813 रोजी ते रंगूनच्या किनाऱ्यास लागले. येताना जहाजावरच ॲनबाईंस मृत बालक झाले होते. 1815 साली दुसरा मुलगा जन्मला, तो आठ महिन्यांचा होऊन वारला.

ब्रह्मी भाषा शिकण्यास ना व्याकरण होते, ना धड कोश. जडसन दररोज कित्येक तास ताडपत्रांवरील अक्षरे वाचीत. त्यांची परमेश्वराजवळ दोन मागणी होती. संपूर्ण पवित्र शास्त्राचे ब्रह्मी भाषेत भाषांतर आपल्या हातून पुरे व्हावे. आणि शंभर माणसांची एक ब्रह्मी मंडळी आपल्या डोळ्यांनी पाहावी. एक वर्ष गेले, दोन गेली, पाच गेली. एकही मनुष्य पुढे आला नाही. 1819 साली त्यांनी रस्त्याच्या कडेस, आपल्याकडील धर्मशाळेसारखा, बांबूंचा व गवताचा एक मांडव उभारला आणि येणाराजाणारास बसवून बोलू लागले. त्याच वर्षी 27 जून रोजी मौंग नौ नावाच्या एका गरीब मजुराचा बाप्तिस्मा झाला. सहा वर्षांत एक माणूस.

पुढल्या वर्षी जडसन राजधानी आवा येथे गेले, आणि राजाने आपल्या प्रजेस ख्रिस्ती होण्याची मोकळीक द्यावी असा अर्ज त्यांनी केला. यासाठी किती प्रार्थना झाली असेल! राजाने हातात दिलेली पत्रिका थोडीशी वाचून जमिनीवर टाकून दिली. अर्ज फेटाळला गेला. खिन्न मनाने परतून त्यांनी रंगूनच्या तीन विश्वासणाऱ्यांस सांगितले की, आता येथून निघावे लागेल. तेव्हा त्या तिघांनी विनविले की, निदान आम्ही आठदहा जण होईपर्यंत तरी थांबा. गुरूंचे धैर्य खचले असता शिष्यांनी त्यांस धरून ठेवले. आमच्या उपदेशक बंधूंनी हे ध्यानात घ्यावे. जडसन थांबले, आणि दोन वर्षांत अठरा जणांचे बाप्तिस्मे झाले. 1823 साली नव्या कराराचे भाषांतरही पुरे झाले.

आता चांगले दिवस येतील असे वाटले, तोच 1824 साली इंग्रज व ब्रह्मी राजा यांच्यामध्ये युद्ध पेटले. जडसन दांपत्य त्या वेळी आवा येथे होते. गोरा मनुष्य तो हेर, असे समजून 8 जून रोजी राजाच्या माणसांनी जडसन यांस जमिनीवर पाडले, दोरीने करकचून आवळले व मृत्यूच्या तुरुंगात नेऊन टाकले. तेथे खिडकी नव्हती. पायांत बेड्यांच्या तीन जोड्या घातल्या, पुढे पाच. रात्री कैद्यांच्या पायांमधून एक लांब बांबू घालून तो वर ओढून घेत, म्हणजे पाय अधांतरी आणि खांदे तेवढे जमिनीस टेकलेले. असे अकरा महिने गेले.

ॲनबाई त्या वेळी गरोदर होत्या. दररोज त्या अधिकाऱ्यांच्या दारी जात, अर्ज करीत, तुरुंगात अन्न पोहोचवीत. नव्या कराराचे हस्तलिखित त्यांनी आधी घराच्या जमिनीत पुरले होते. पण पावसाळ्यात ते कुजून जाईल म्हणून त्यांनी ते एका उशीत शिवले. उशी इतकी टणक व ओबडधोबड केली की, तिचा कोणास लोभ पडू नये. तीच उशी घेऊन जडसन तुरुंगात निजत.

1825 च्या मे महिन्यात कैद्यांस एकाएकी औंग-पेन-ला या गावी हलविले. तापलेल्या वाटेवरून अनवाणी चालताना पायांची कातडी सोलून निघाली. एक कैदी त्या प्रवासातच मरण पावला. ॲनबाई तीन महिन्यांच्या मरियेस कडेवर घेऊन मागोमाग गेल्या. त्यांच्याबरोबर दोन ब्रह्मी मुली आणि एक बंगाली स्वयंपाकी होता. हा स्वयंपाकी हिंदू होता. परंतु त्या संकटात त्याने जातपात बाजूला ठेवली, पगाराची गोष्ट काढली नाही, आणि कोस कोस चालून अन्न व जळण आणून या कुटुंबास जगविले. त्याचे नाव आमच्या वाचनात आले नाही. पण त्याचे ऋण सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांस योग्य वाटत नाही.

त्या गावी मरियेस देवी आल्या, आणि ॲनबाई तापाने अंथरुणास खिळल्या. त्यांचे दूध आटले. गावात दुधाची दुसरी सोय नव्हती. तेव्हा पहारेकऱ्यांस काही देऊन जडसन यांस थोडा वेळ बाहेर येण्याची परवानगी मिळविण्यात आली. पायांत बेडी, हातांत रडणारे हाडकुळे लेकरू, असे ते दारोदार फिरत आणि अंगावर पिणारे मूल असलेल्या आयांजवळ आपल्या लेकरासाठी घोट घोट दूध मागत. मनुष्यांजवळ असे मागणारा हा पुरुष रात्री परमेश्वराजवळ काय मागत असेल, हे आम्ही सांगावयास नको.

सहा महिन्यांनी दुभाष्याचे काम करण्यासाठी त्यांस तुरुंगातून काढले, आणि फेब्रुवारी 1826 मध्ये तह होऊन सर्वांची सुटका झाली. जडसन यांनी आपले कुटुंब अमहर्स्ट या नव्या वसाहतीत ठेविले. इंग्रजांचा वकील पुन्हा आवा येथे जात होता. नव्या करारनाम्यात धर्माच्या मोकळिकेचे एक कलम घालता येईल या आशेने जडसन दुभाषे म्हणून त्याच्याबरोबर गेले. ते कलम घातले गेले नाही. ते तेथे असतानाच काळी मोहोर लावलेले एक पत्र त्यांस मिळाले. देणाऱ्याने सांगितले की, आपले लेकरू वारल्याची ही बातमी आहे. जडसन यांनी पत्र उघडले, तो ते लेकराविषयी नव्हते. 24 ऑक्टोबर 1826 रोजी ॲनबाई तापाने वारल्या होत्या.

ते परत आले तेव्हा आईवाचून खंगलेली मरिया तेवढी उरली होती. 24 एप्रिल 1827 रोजी तीही गेली. तिला होपिया झाडाखाली आईच्या शेजारी पुरले. पाठोपाठ वडील वारल्याचेही वर्तमान अमेरिकेहून आले.

येथून पुढचा भाग पुष्कळ चरित्रांत थोडक्यात आटोपतात. आम्ही येथेच थोडे थांबणार आहोत. जडसन यांनी काम सोडले नाही, पण त्यांचे मन आतून करपून गेले. त्यांनी आपली शिल्लक मिशनास देऊन टाकली, जुनी पत्रे जाळली, कीर्तीची चिन्हे नष्ट केली. 1828 च्या ऑक्टोबरात, ॲनबाईंच्या मृत्यूस दोन वर्षे झाली त्याच दिवशी, ते मोलमीनजवळ जंगलात एका झोपडीत एकटे राहावयास गेले. तेथे त्यांनी आपल्यासाठी एक थडगे खणविले आणि त्याच्या काठी बसून ते मरणाचे चिंतन करीत. परमेश्वर आहे असे आपण मानतो, पण तो आपणांस सापडत नाही, अशी कबुली त्यांनी त्या दिवसांत लिहून ठेवली आहे.

वाचकहो, हे शब्द कोणा अविश्वासणाऱ्याचे नव्हेत. ज्याने नवा करार एका राष्ट्राच्या भाषेत आणला, बेड्या सोसल्या, सर्वस्व दिले, त्याचे आहेत. या मनुष्याचा विश्वास उणा होता म्हणून त्याची पत्नी व लेकरे गेली, असे कोण म्हणण्यास धजेल? आणि जे जडसन यांस म्हणता येत नाही, ते आमच्या गावातील एखाद्या शोकाकुल मातेस आम्ही कोणत्या तोंडाने म्हणतो? गेथशेमाने बागेत स्वतः प्रभूने प्याला टळावा म्हणून मागणे केले, आणि प्याला टळला नाही. पौलाने तीनदा विनंती केली, आणि काटा राहिला. उत्तर न मिळणे हा पापाचा पुरावा असता, तर या दोघांविषयी आम्हांस काय म्हणावे लागले असते!

त्या अंधारात पहिला उजेड आला तो अगदी अनपेक्षित वाटेने. 1829 साली एल्नाथन वारला. त्याच्या मृत्यूच्या वर्तमानाबरोबरच असेही कळले की, मरणापूर्वी तो विश्वासात आला होता. रस्त्याच्या कडेस केलेल्या त्या प्रार्थनेस सतरा वर्षे झाली होती. या अवधीत त्या भावाच्या अंतःकरणात काय चालले आहे याची काहीही खूण जडसन यांस मिळाली नव्हती. हळूहळू त्यांचे मन सावरू लागले.

आता उशीची गोष्ट. कैद्यांस औंग-पेन-ला येथे हलविताना तुरुंगातील कोणी त्या उशीचे वरचे आवरण काढून घेतले आणि आतील कापसाचा गोळा निरुपयोगी म्हणून फेकून दिला. मौंग इंग नावाच्या विश्वासणाऱ्यास तो सापडला. गुरूंची आठवण म्हणून त्याने तो घरी नेऊन ठेविला. पुष्कळ महिन्यांनी तो उसवून पाहतात, तो आत नवा करार जसाच्या तसा! गुरूंवरील प्रेमापोटी त्याने एक मळका गोळा जपला होता. आपण काय जपत आहोत हे त्याचे त्यासही ठाऊक नव्हते. आमच्यातील कित्येक गरीब विश्वासू सेवकांचे काम असेच असते. 31 जानेवारी 1834 रोजी जडसन यांनी संपूर्ण बायबलाचे भाषांतर संपविले, आणि 1840 साली त्याची सुधारणा पुरी केली. ते भाषांतर त्या देशातील मंडळ्या आजही वाचीत आहेत.

शंभर माणसांच्या मंडळीचे काय झाले? जडसन यांनी ब्रह्मी लोकांसाठी मागणे केले होते. पीक आले ते करेन नावाच्या डोंगरी लोकांत, ज्यांचा त्यांनी आरंभी विचारही केला नव्हता. को था ब्यू हा एक करेन मनुष्य. त्याच्या हातून अनेक खून झालेले. कर्जापायी तो दास झाला होता. जडसन यांनी ते कर्ज फेडून त्यास घरी ठेविले आणि मोठ्या धीराने शिकविले. 16 मे 1828 रोजी तव्हॉय येथे बोर्डमनसाहेबांच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे जडसन यांच्या आयुष्यातील सर्वांत काळ्या वर्षीच हे बी रुजले. हा मनुष्य डोंगरोडोंगरी फिरला आणि त्याच्या जातीचे लोक गावेच्या गावे पुढे येऊ लागले. जडसन यांच्या मृत्यूच्या वेळी त्या देशात सुमारे 7000 ख्रिस्ती होते आणि त्यांत करेन लोकांचाच भरणा मोठा होता. मागितले होते शंभर.

तथापि दुःखाने त्यांची पाठ सोडली असे नव्हे. बोर्डमनसाहेबांच्या विधवा सारा यांच्याशी त्यांनी 1834 साली विवाह केला. त्यांची काही लेकरे बालपणीच गेली, आणि 1845 साली हवापालटासाठी अमेरिकेस जाताना साराबाई सेंट हेलेना बेटाजवळ जहाजावरच वारल्या. पुढील वर्षी एमिली या लेखिकेशी विवाह करून जडसन ब्रह्मदेशास परतले. 1850 च्या आरंभी ते अंथरुणास खिळले.

त्या शेवटच्या आजारात एमिलीबाईंनी त्यांस वर्तमानपत्रातून एक बातमी वाचून दाखविली. जडसन यांची एक काळी फार इच्छा होती की, पॅलेस्टाइनात यहूदी लोकांसाठी मिशन सुरू व्हावे. त्यासाठी त्यांनी प्रार्थना व खटपट केली, पण काही निष्पन्न झाले नाही. बातमी अशी होती की, जडसन यांच्या कष्टांची हकीकत सांगणारे एक लहान पुस्तक जर्मनीत छापले गेले. ते काही यहूद्यांच्या हाती पडून त्यांस विश्वास प्राप्त झाला. आणि काळ्या समुद्राच्या काठी ट्रेबिझोंड येथील यहूद्यांनी आपणांस शिक्षक पाठवावा अशी मागणी केली. ऐकून जडसन यांच्या डोळ्यांस पाणी आले. मनापासून केलेली आपली कोणतीही प्रार्थना व्यर्थ गेली नाही, मात्र उत्तर केव्हा व कोणत्या रूपाने येईल हे आपल्या कल्पनेबाहेरचे होते, अशा आशयाचे ते पत्नीजवळ बोलले.

हे त्यांचे बोलणे आम्ही विचारपूर्वक घेतो. बेडी घातलेल्या पायांनी आपण दारोदार फिरलो, हे ते विसरले नव्हते. ॲनबाई त्यांस परत मिळाल्या नव्हत्या. मरिया मिळाली नव्हती. त्या मागण्यांस या जगात कोणते उत्तर मिळाले हे आम्हांस दाखविता येत नाही, आणि ओढूनताणून दाखविण्याचा प्रयत्नही आम्ही करणार नाही. लेकराच्या बदली सात हजार माणसे, असा हिशेब कोणत्याही बापाने मांडला नाही. जडसन यांनी मांडला नाही. काही उत्तरे त्यांनी पाहिली, काही पाहिली नाहीत. परंतु ज्याच्याजवळ मागावयाचे त्याच्याजवळ जाणे त्यांनी सोडले नाही, थडग्याच्या काठी बसले असतानाही सोडले नाही. विश्वास म्हणतात तो आमच्या मते हाच.

3 एप्रिल 1850 रोजी समुद्राच्या हवेने बरे वाटेल म्हणून त्यांस जहाजावर चढविले. एमिलीबाई गरोदर असल्याने बरोबर जाऊ शकल्या नाहीत. 12 एप्रिल रोजी बंगालच्या उपसागरात त्यांनी देह ठेविला, आणि त्याच संध्याकाळी त्यांस समुद्रार्पण करण्यात आले. ज्याने दुसऱ्यांच्या देशात इतकी थडगी बांधली, त्याचे स्वतःचे थडगे कोठेच नाही. एमिलीबाईंस ही बातमी चार महिन्यांनी कळली.

त्यांचे मुंबईकडील सोबती गॉर्डन हॉल हेही 1826 साली नाशिककडील दौऱ्यावर असता पटकीने वारले. तेरा वर्षांच्या कष्टांचे फळ त्यांनी फारच थोडे पाहिले. त्याच वर्षी मराठी नवा करार छापून निघाला. आज आपण मराठीतून शास्त्र वाचतो आणि मराठीतून प्रार्थना करतो, त्यात त्यांच्या प्रार्थनांचा वाटा किती, हे त्यांस या जगात कळले नाही.

म्हणून उपदेशक बंधूंनो, मंडळीच्या वडिलांनो, आमची तुम्हांस विनंती आहे. ज्या घरी प्रार्थना करूनही मरण आले, त्या घरी जाल तेव्हा कारणे सांगू नका, आणि कोणाचा विश्वास मोजू नका. ओट्यावर बसा. पाणी भरून द्या, चूल पेटवा, भाकरी करून वाढा, त्या बंगाली बंधूने केले तसे. जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने तुम्ही प्रार्थना करा. त्यास बळेच बोलावयास लावू नका. आणि ज्यांची प्रार्थना अजून सतराव्या वर्षास पोहोचली नाही, त्यांस सांगा की, थांबू नका.

ज्या बहिणीची गोष्ट आम्ही आरंभी सांगितली, तिच्या घरी आम्ही पुढे गेलो आणि त्या दिवशी गप्प राहिलो याबद्दल तिची क्षमा मागितली. तिने आम्हांस बसावयास घोंगडी टाकली. लेकरू का गेले हे तिने विचारले नाही, आणि आम्हांसही ते ठाऊक नव्हते. थोड्या वेळाने तिनेच आम्हांस प्रार्थना करावयास सांगितले, आणि शेवटी आमच्याबरोबर आमेन म्हटले.